रॉथचा पैसा हलतो, घड्याळ हलत नाही

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत निवृत्तीच्या बचतीचा एक नियम बदलला. तुमचं वय ५० किंवा त्याहून जास्त असेल आणि आदल्या वर्षी त्याच कंपनीकडून मिळालेला पगार १,५०,००० डॉलरच्या वर असेल, तर ४०१-के या कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात वयामुळे जी जादा रक्कम भरता येते, ती आता कर भरून झालेल्या पैशातूनच भरावी लागते. वायटूकेच्या दिवसांत पुण्या-मुंबईहून न्यू जर्सीला, टेक्सासला, बे एरियाला आलेली पिढी आज नेमकी याच वयात आहे, आणि तिच्यातले कितीतरी जण याच पगारात. अशा कर भरून झालेल्या पैशांच्या खात्याला ‘रॉथ’ म्हणतात. ज्यांनी हा शब्द आजवर फक्त ऐकला होता, त्यांच्या पगारपत्रकावर तो आता दर पंधरवड्याला छापून येतो.

मग प्रश्न येतो तो पुढचा. नोकरी बदलली, सुटली किंवा निवृत्त झालो, तर हे रॉथचे पैसे कुठे न्यायचे? ‘कर तर भरून झालाय, आता कुठेही नेले तरी काय बिघडतं?’ असं समजून घाईने फॉर्म भरणारे मी पाहिले आहेत. बिघडू शकतं. आणि जे बिघडतं ते बहुधा दोनच ठिकाणी: चेक कुणाच्या नावाने निघाला, आणि नवं खातं कोणत्या वर्षी उघडलेलं होतं.

## जकात शिरताना की बाहेर पडताना

जीएसटीच्या आधीचे जकातनाके आठवून पाहा. माल नाक्यावर आला की पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि पुढे जायचं. निवृत्तीच्या खात्यांनाही असा एक नाका असतो, फक्त तो कोणत्या टोकाला आहे हे महत्त्वाचं. पारंपरिक ४०१-के किंवा पारंपरिक आयआरएमध्ये (आयआरए म्हणजे स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) नाका बाहेर पडायच्या दारावर आहे. भरताना कर नाही, वर्षानुवर्षं पैसा वाढतो आणि काढताना मुद्दल-वाढ सगळ्यावर कर. रॉथ खात्यात नाका आत शिरायच्या दारावर. पगारावर कर भरून उरलेला पैसा आत जातो, आणि अटी पाळल्या तर बाहेर पडताना वाढीवरसुद्धा कर लागत नाही.

अशी खाती मुख्यतः दोन प्रकारची. रॉथ आयआरए हे तुमचं स्वतःचं खातं, कोणत्याही ब्रोकरेजमध्ये किंवा बँकेत उघडता येणारं. १९९७ च्या कायद्याने ते आलं, १९९८ पासून सुरू झालं, आणि डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांचं नाव त्याला मिळालं. दुसरं रॉथ ४०१-के, म्हणजे कंपनीच्या योजनेतला रॉथ कप्पा. तो २००६ पासून आहे. २०२६ साठी पहिल्याची वार्षिक मर्यादा ७,५०० डॉलर, दुसऱ्याची २४,५००, आणि पन्नाशीनंतर दोन्हींत थोडी जादा सवलत.

वाढीवर कर लागू नये यासाठी दोन्हींत दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. वय साडेएकोणसाठ झालेलं हवं, आणि पाच वर्षं भरलेली हवीत. (मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर वयाची अट सुटते.) अशा वेळी काढलेल्या रकमेला आपण ‘पात्र रक्कम’ म्हणू. अट अपुरी असेल तर वाढीवर कर लागतो, आणि वय कमी असेल तर वर १० टक्के दंडही. तुम्ही स्वतः भरलेल्या मुद्दलावर मात्र पुन्हा कर कधीच लागत नाही.

## कुठून कुठे जाता येतं

रॉथ ४०१-के मधून रॉथ आयआरएमध्ये जाता येतं. रॉथ ४०१-के मधून नव्या कंपनीच्या रॉथ ४०१-के मध्येही जाता येतं, पण नव्या योजनेने असे पैसे स्वीकारायचं ठरवलेलं असेल तरच. कायदा परवानगी देतो, सक्ती करत नाही. एका रॉथ आयआरएमधून दुसऱ्या रॉथ आयआरएमध्ये हवं तेव्हा.

पण रॉथ आयआरएमधून परत रॉथ ४०१-के मध्ये जाता येत नाही. हे दार एकाच बाजूने उघडतं. एकदा पैसा आयआरएमध्ये आला की तो तिथलाच झाला, आणि म्हणूनच पुढचं सगळं नीट समजून मगच सही करायची.

कंपनीने तुमच्या नावावर घातलेला वाटा हा बहुतेक ठिकाणी कर न भरलेला पैसा असतो, तुम्ही तुमचा हिस्सा रॉथमध्ये भरत असलात तरी. तो पारंपरिक आयआरएमध्ये जायला हवा. चुकून तोही रॉथ आयआरएत पाठवलात तर ते बेकायदा नाही, पण त्या संपूर्ण रकमेवर त्याच वर्षी उत्पन्न म्हणून कर लागतो. म्हणून नोकरी सोडताना योजनेकडून आकडे दोन रकान्यांत मागून घ्या: रॉथ किती, बिगर-रॉथ किती.

## पैसे माझेच आहेत, मग चेक माझ्या नावाने का नको?

हा अगदी रास्त वाटणारा प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं की चेकवर तुमचं नाव आलं की कायद्याच्या नजरेत पैसे तुमच्या हातात पडले. मग ते ६० दिवसांच्या आत नव्या खात्यात टाकायची जबाबदारी तुमची, आणि तोवर जुनी योजना करपात्र भागातले २० टक्के आधीच कापून सरकारजमा करते.

समजा एका चाळीस वर्षांच्या माणसाच्या रॉथ ४०१-के मध्ये ६०,००० डॉलर आहेत. त्यातले ४५,००० त्याने भरलेले, १५,००० वाढ. शिवाय कंपनीचा वाटा २०,०००. चेक त्याच्या नावाने निघाला तर रॉथच्या वाढीतले ३,००० आणि कंपनीच्या वाट्यातले ४,००० कापले जातात. हातात येतात ७३,०००. सगळी रक्कम निवृत्तीच्या छत्राखाली ठेवायची तर त्याला ६० दिवसांत स्वतःच्या खिशातून ७,००० घालावे लागतात. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात, पण ते पुढच्या वर्षी. आणि ते ७,००० त्याच्याकडे नसतील तर? रॉथच्या बाजूला कायदा मऊ आहे: परत टाकलेल्या रकमेत आधी वाढ गेली असं धरतात, म्हणजे बाहेर राहिलेले ३,००० मुद्दलातले ठरतात आणि त्यावर कर लागत नाही. मात्र ते करमुक्त वाढीच्या छत्राबाहेर कायमचे गेले. कंपनीच्या वाट्यातल्या ४,००० वर मात्र कर लागतो, आणि ४०० डॉलर दंड.

यातून सुटायचा मार्ग फार सोपा आहे. फॉर्मवर ‘थेट रोलओव्हर’ निवडा. रोलओव्हर म्हणजे एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात पैसे नेणं, आणि थेट म्हणजे तुमच्या हाताला न लागता. तेव्हा काहीच कापलं जात नाही. कधी कधी जुनी योजना थेट रोलओव्हरचा चेकही तुमच्याच घरी टपालाने पाठवते, आणि लोक घाबरतात. पाकिटावरचं नाव सोडा, चेकवरचं वाचा. त्यावर नव्या संस्थेचं नाव असेल आणि पुढे एफबीओ (‘यांच्या लाभासाठी’) अशी अक्षरं व मग तुमचं नाव असेल, तर तो थेटच आहे. तो तुमच्या बँकेत भरता येणार नाही. नव्या संस्थेकडे पाठवून द्या.

एका कंपनीच्या रॉथ ४०१-के मधून दुसऱ्या कंपनीच्या रॉथ ४०१-के मध्ये जायचं असेल तर थेट मार्गाला पर्यायच नाही, कारण हातात आलेलं मुद्दल नवी योजना घेऊच शकत नाही.

## वर्षातून एकदा, पण नक्की कशाला?

‘रोलओव्हर वर्षातून एकदाच करता येतं’ हे अर्धवट ऐकलेलं वाक्य अनेकांना अडवून ठेवतं. नियम इतकाच आहे की एका आयआरएमधून पैसे स्वतःच्या हातात घेऊन ६० दिवसांत आयआरएमध्ये परत टाकणं, हे बारा महिन्यांत एकदाच चालतं. संस्था ते संस्था होणारं हस्तांतरण कितीही वेळा करा. कंपनीच्या योजनेतून आयआरएमध्ये येणारा पैसा या मोजणीत धरत नाहीत, आणि पारंपरिकमधून रॉथमध्ये केलेलं रूपांतरही नाही.

ही मर्यादा किती कडक आहे हे एका खटल्यातून ठरलं. ॲल्व्हन बॉब्रो हे न्यूयॉर्कचे करविषयक वकील. त्यांनी २००८ मध्ये एका आयआरएतून पैसे काढले, मग दुसऱ्या आयआरएतून. मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी आहे असं कर खात्याच्या स्वतःच्या पुस्तिकेतही तेव्हा लिहिलेलं होतं. तरीही २०१४ मध्ये कर न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या शब्दांप्रमाणे मर्यादा माणसाला आहे, खात्याला नाही. २०१५ पासून कर खातं तसंच धरतं: पारंपरिक, रॉथ, सगळी आयआरए खाती मिळून एक. करकायदा ज्यांचं पोट आहे त्यांनाही जे महाग पडलं, ते आपण करूच नये. आयआरएचे पैसे दोन महिन्यांच्या हातउसन्यासारखे वापरू नका.

## आता घड्याळ

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते फॉर्मवर कुठेही दिसत नाही.

रॉथ आयआरएचं घड्याळ माणसाला एकच असतं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ज्या वर्षासाठी रॉथ आयआरएत पैसे घातले, त्या वर्षाच्या १ जानेवारीला ते सुरू होतं आणि पुन्हा कधी थांबत नाही. नंतर दहा ठिकाणी खाती उघडा, सगळ्यांना तेच घड्याळ लागू. पहिलं खातं रिकामं केलंत तरी ते चालूच. शिवाय आदल्या वर्षाचे पैसे एप्रिलच्या मुदतीपर्यंत भरता येतात. म्हणजे एप्रिल २०२६ मध्ये २०२५ साठी म्हणून भरलेल्या पैशांचं घड्याळ १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेलं असतं.

रॉथ ४०१-के चं तसं नाही. प्रत्येक कंपनीच्या योजनेला आपापलं घड्याळ. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत थेट पैसे नेले तर त्यातलं जुनं घड्याळ सोबत येतं. पण रॉथ ४०१-के मधून रॉथ आयआरएत पैसे नेले, तर योजनेत काढलेली वर्षं तिथे मोजत नाहीत. फक्त आयआरएचं घड्याळ बघतात.

लोणच्याचं बघा. दहा वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं तुम्ही दुसऱ्या बरणीत काढलंत, तर लोणचं मुरलेलंच राहतं. कायदा मात्र विचारतो, ही बरणी फळीवर कधी ठेवली? आजच आणली असेल तर आजपासून पाच वर्षं. शेजारी पाच वर्षांपूर्वी ठेवलेली, तळाशी दोन फोडी असलेली लहानशी बरणी असेल, तर हवं तेवढं लोणचं तिच्यात ओता, सगळं मुरलेलं धरतील.

आकड्यांत पाहू. एक बाई २०२६ मध्ये ५८ वर्षांच्या आहेत. २०१५ पासून रॉथ ४०१-के मध्ये भरताहेत, जमले आहेत २,००,००० डॉलर, त्यांतले १,३०,००० मुद्दल. त्या नोकरी सोडतात आणि याच वर्षी पहिल्यांदाच उघडलेल्या रॉथ आयआरएत सगळे पैसे नेतात. २०२८ मध्ये, साठाव्या वर्षी, घरासाठी सगळी रक्कम हवी आहे. १,३०,००० विनाकर मिळतील. उरलेल्या ७०,००० वर आणि त्यानंतरच्या वाढीवर कर लागेल, कारण त्यांच्या आयआरएचं घड्याळ १ जानेवारी २०३१ ला पूर्ण होणार. साडेएकोणसाठ उलटल्याने दंड नाही, इतकाच दिलासा.

आता त्याच बाईंनी पैसे साडेएकोणसाठ होईपर्यंत जुन्या कंपनीच्याच योजनेत ठेवले असते तर? दोन्ही अटी तिथेच पूर्ण, एक डॉलरही कर नाही. आणि पात्र झाल्यावर आयआरएत नेले असते, तर संपूर्ण २,००,००० नव्या खात्यात मुद्दल म्हणून धरले गेले असते, केव्हाही काढता येणारे. पाच वर्षं थांबावं लागलं असतं ते फक्त त्यानंतरच्या वाढीसाठी. किंवा २०२० मध्ये ५०० डॉलरचं एक रॉथ आयआरए उघडून त्या विसरून गेल्या असत्या, तरी आज सगळं सुटलं असतं.

म्हणून मी भेटेल त्याला हेच सांगतो: रॉथ आयआरए नसेल तर आज उघडा, शंभर डॉलर का असेना. नवरा-बायकोची घड्याळंही वेगळी असतात, तेव्हा दोघांनी उघडा. २०२६ च्या नियमामुळे ज्यांच्या कंपनीत रॉथचा कप्पा पहिल्यांदाच सुरू झालाय, त्यांचं योजनेतलं घड्याळ १ जानेवारी २०२६ चं आहे. साठीला निवृत्त व्हायचा बेत असलेल्या ५७-५८ वर्षांच्या माणसाला हे आजच माहीत हवं.

## मग हलवायचंच कशाला?

वरचं वाचून वाटेल, जुन्या कंपनीतच राहू दे. काहींसाठी तेच बरोबर आहे. ५५ व्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली तर त्या कंपनीच्या योजनेतून काढलेल्या पैशांवर १० टक्के दंड लागत नाही. आयआरएत नेल्यावर ही सवलत जाते.

पण आयआरएचा एक मोठा फायदा आहे. रॉथ ४०१-के म्हणजे खिचडी. पात्र होण्याआधी काढाल तर प्रत्येक डावात डाळ-तांदूळ दोन्ही येणार. वरच्या ६०,००० मधून १२,००० काढले, तर ९,००० मुद्दल आणि ३,००० वाढ, आणि त्या वाढीवर कर. रॉथ आयआरए म्हणजे कप्प्यांचा डबा. सगळ्यात वर तुमचं मुद्दल, त्याखाली पारंपरिकमधून रूपांतर करून आणलेली रक्कम, तळाला वाढ. वरचा कप्पा संपल्याशिवाय खालचा उघडत नाही. तेच १२,००० इथून काढले तर सगळे मुद्दलातले, करही नाही, दंडही नाही. चाळिशीतल्या माणसाला अडीअडचणीसाठी ही मोठी सोय आहे.

पूर्वी आणखी एक कारण होतं. ठरावीक वयानंतर रॉथ ४०१-के मधून दरवर्षी सक्तीने पैसे काढावे लागत. २०२४ पासून मालकाच्या हयातीत ती सक्ती राहिलेली नाही. जुन्या लेखांत अजून तसंच लिहिलेलं सापडतं.

जुन्या योजनेत ७,००० डॉलरपेक्षा कमी उरले असतील, तर कंपनी तुम्हाला न विचारता ते बाहेर काढू शकते. छोटी खाती मागे सोडून देऊ नका.

## ‘आमचा पगार जास्त, रॉथ आयआरए आम्हाला चालत नाही’

अर्धं खरं. २०२६ मध्ये एकट्या व्यक्तीचं उत्पन्न १,६८,००० च्या वर किंवा एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचं २,५२,००० च्या वर असेल, तर रॉथ आयआरएत थेट भरणा करता येत नाही. पण ही मर्यादा नव्या भरण्याला आहे. रोलओव्हरला नाही. पारंपरिक आयआरएमधून रॉथमध्ये रूपांतर करायलाही २०१० पासून उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि अशा रूपांतरानेही घड्याळ सुरू होतं. कर न भरलेला पैसा आधीच कोणत्याही पारंपरिक आयआरएत असेल, तर रूपांतरावर त्या प्रमाणात कर लागतो, एवढं ध्यानात ठेवून पावलं टाका.

## भारतात परतणार असाल तर

थेट रोलओव्हर भारतात राहूनही करता येतं. अडचण कायद्याची कमी, व्यवहाराची जास्त: परदेशी पत्ता असलेल्या ग्राहकाला नवं खातं उघडून द्यायला अनेक ब्रोकरेज तयार नसतात. त्यामुळे रॉथ आयआरए निघण्याआधी, अमेरिकेतल्या पत्त्यावर उघडलेलं बरं.

भारतातल्या कराचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी भारताने २०२१ मध्ये कलम ८९ए आणलं. त्याचा हेतू हा की दरवर्षीच्या वाढीवर कर न लावता, तिकडे कर लागेल तेव्हाच इथे लागावा. पण त्या कलमाची व्याख्या अशा खात्यांची आहे, ज्यांतल्या उत्पन्नावर पैसे काढताना त्या देशात कर लागतो. रॉथमध्ये तर काढताना कर लागतच नाही! पारंपरिक ४०१-के त्या व्याख्येत सहज बसतं, रॉथ बसत नाही. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं अनेकांना ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नसतो. साडेएकोणसाठ उलटलेली आणि घड्याळ पूर्ण झालेली व्यक्ती असेल, तर पैसे कधी काढायचे याचा विचार या काळाआधी सुरू व्हायला हवा, दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसासोबत बसून.

## कागद

रोलओव्हर झाल्यावर पुढच्या जानेवारीत जुन्या योजनेकडून १०९९-आर नावाचा फॉर्म येतो. रॉथ ४०१-के मधून रॉथ आयआरएत थेट गेलेल्या पैशांसाठी त्यावर ‘एच’ हा संकेत असतो, पाचव्या चौकटीत मुद्दल, आणि योजनेत पहिल्यांदा रॉथ भरलं ते वर्षही. हा कर भरायचा फॉर्म वाटतो म्हणून काहीजण हबकतात. थेट गेलेल्या पैशांवर कर नसतो, पण विवरणपत्रात तो दाखवावा लागतो.

हा कागद टाकू नका. नव्या ब्रोकरेजला तुमचं मुद्दल किती हे बहुधा माहीत नसतं. वीस वर्षांनी ते सिद्ध करायचं तुम्हालाच असतं. पहिलं रॉथ आयआरए ज्या वर्षी उघडलं त्या वर्षीचा ५४९८ फॉर्मही (आयआरएतल्या भरण्याची नोंद) त्याच फायलीत लावा, आणि फाइल कुठे आहे ते घरात सांगून ठेवा. तुमच्या पश्चात खातं ज्यांच्याकडे जाईल, त्यांनाही तुमचंच घड्याळ लागू होतं, आणि ते कधी सुरू झालं हे त्या एका कागदावर लिहिलेलं असतं.